आमचं पुनर्वसन झालंय

लोहाऱ्याच्या बाजूला पुनर्वसन हे गावाचं नाव आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ काय दिलाय तो असो. तिकडं एक जुनं गाव असतं, तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढिगारे. आणि एक पुनर्वसन असतं, तिथं माणसं राहतात. कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, "जुनं गाव का पुनर्वसन?" मुलगी बघायला निघालेले पाहुणे विचारतात, "पुनर्वसनात कितवी गल्ली?" त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जन्मलेली पोरं आता स्वतः बाप झालीत, त्यांना तो शब्द मोठाही वाटत नाही आणि जडही वाटत नाही. माळ म्हणावं, पाणंद म्हणावं, तसं ती पुनर्वसन म्हणतात.

सुमनबाईचं पुनर्वसन होऊन तीस वर्षं उलटून गेली होती. पत्र्याच्या शेडात काही उन्हाळे भाजून निघाल्यावर तिला आणि तिच्या नवऱ्याला, गुलाबला, एका खोलीचं पक्कं घर मिळालं. ज्याच्या नावावर जमीन जास्त त्याला घर मोठं, असा तेव्हाचा न्याय. गुलाब गवंडी. नावावर नखाएवढी जमीन नाही, म्हणून घर सगळ्यांत धाकटं. त्या नव्या गावातल्या मोठ्या घरांच्या कितीतरी भिंती त्यानंच उभ्या केल्या, रोजंदारीवर. भिंती अजून सरळ आहेत. गुलाबच्या हाताला गावात नाव होतं.

घरात शिरताना ते तिघं होते. गुलाब, सुमनबाई आणि तिचं बोट धरलेला धम्मपाल. चौथी होती पौर्णिमा, पाच वर्षांची, ती जुन्या गावातच राहिली. भूकंपाच्या पहाटे जी भिंत पडली ती पोरीच्या बाजूची. धम्मपाल आईच्या कुशीत होता म्हणून वाचला, गुलाब अंगणात बाज टाकून निजला होता म्हणून वाचला. कुणाची चूक नव्हती. चूक असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून सुमनबाई कामाला लागली ती लागलीच. उजाडलं की खुरपं घेऊन लोकांच्या रानात, दिवस कलला की घरी. भाकरी थापायची, ताट वाढायचं, गुलाबपुढं ठेवायचं आणि चुलीकडं तोंड करून बसायचं. "वाढलंय." "हं." झालं संभाषण. गावात या जोडप्याचं उदाहरण देत, कधी आवाज नाही, कधी तंटा नाही म्हणून. तंटा तर मसणवटीतही नसतो, पण ते कोण बोलणार? धम्मपाल मोठा झाला, चाकणला कंपनीत लागला, श्रावस्तीशी लग्न करून तिकडंच राहिला. दोघं म्हातारी उरली आणि घर आणखी गप्प झालं.

गेल्या हिवाळ्यात गुलाब एका घराला गिलावा करत होता. छातीत कळ आली. त्याला वाटलं पित्त आहे, म्हणून सोडा प्याला. दुसरी कळ आली तेव्हा थापी हातातून पडली. जीपमध्ये घालून उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. सोलापुरात त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. म्हणजे डॉक्टरांनी त्याला दुसरं काहीतरी नाव सांगितलं, पण गावात सगळे स्प्रिंगाच म्हणतात. त्या सगळ्या धावपळीत सुमनबाईला भीती वाटली नाही. हात चालत होते. पाणी भर, गोळ्या आण, चादर धू. आत मात्र काही हलत नव्हतं, आणि हे काही नवीन नव्हतं. तिला वाटलं, आपल्यातली भीतीच संपली असेल.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर गुलाबजवळ बराच वेळ बसून बोलले. धम्मपाल खाली कागदपत्रांत अडकला होता, सुमनबाई बाटल्या भरायला गेली होती. ती वर आली तेव्हा डॉक्टर खोलीतून निघाले होते. जाता जाता ते तिला एवढंच म्हणाले, "मावशी, यांना जपा."

जपा. हा एक शब्द सुमनबाईनं पदराच्या गाठीला बांधला आणि गावी आणला. एक माणूस जुन्या गावात गेलं, आता दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढं तिचं ठरलं.

मग तिनं जपायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रानात जाणं बंद केलं. बाज खिडकीखाली ओढली. गुलाबला पाणी हातात, भाकरी दुधात कुस्करून हातात, आंघोळ बाजेशेजारी पाट मांडून. तो मोरीपर्यंत निघाला तरी ही मागं. लाईट गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायची. मीठ घरातून जवळपास हद्दपार झालं, आणि नवरा बेचव खातो म्हणून ती स्वतःही बेचव खाऊ लागली.

शेजारची नागूबाई दिवसाआड डोकावायची. ती कधी रिकाम्या हातानं आली नाही आणि रिकाम्या तोंडानं तर कधीच नाही.

"हार्टचं दुखणं म्हंजी काचंचा गिलास," ती उंबऱ्यात बसून सांगायची. "माझ्या भावाचा साडू हुता. धडधाकट. डाक्टर म्हणलं हिंडा-फिरा. गेला हिंडाय. चार पायऱ्या चढला आन् तितंच बसला. बसला त्यो बसलाच."

असा एक साडू प्रत्येक गावात असतो. त्याला कुणी पाहिलेलं नसतं, पण तो वेळेवर मरतो.

"तर," सुमनबाई म्हणाली. "म्या तर चमचाबी उचलू देत न्हाय."

चाकणहून श्रावस्तीचा फोन यायचा. ती शिकलेली, मोबाइलमध्ये बघून सांगायची, "आत्याबाई, इकडं तर अशा पेशंटला चालायला लावतात म्हणं."

"तिकडचं तिकडं," सुमनबाई म्हणायची. "हितं रस्त्यावर कुत्री हायती."

खरं सांगायचं तर गुलाब एकदा चालायला निघाला होता. सोलापूरहून आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. सुमनबाई दळण आणायला गेली होती, तेवढ्यात त्यानं चपला घातल्या आणि निघाला. पुनर्वसनातले रस्ते शहरासारखे रुंद. आखताना कुणा साहेबाला वाटलं असेल इथं उद्या मोटारी धावतील. मोटारी नाहीत, पण दोन्ही बाजूंना ओटे आहेत आणि ओट्यांवर माणसं आहेत. पहिल्या ओट्यावरून आवाज आला, "गुलाबदादा, जयभीम. कुठं चाललाव?"

आता आपल्याकडं या प्रश्नाला 'कुठंच नाही' हे उत्तर नसतं. माणूस दुकानाला जातो, रानात जातो, पंचायतीत जातो, हातात टमरेल असलं तर विचारावंही लागत नाही. नुसतं चालायला चालतो तो खुळा. गुलाब म्हणाला, "हितंच." दुसऱ्या ओट्यानं विचारलं, "हितंच म्हंजी?" गुलाब म्हणाला, "जरा पुढं." तिसऱ्या ओट्यापर्यंत त्याच्याकडची उत्तरं संपली आणि तो विजेच्या खांबाला टेकून उभा राहिला. कुणीतरी पिठाच्या गिरणीत जाऊन सांगितलं, तुमचे मालक भ्रमिष्टावानी फिरत्यात. सुमनबाई दळण टाकून धावली. त्याचा दंड धरला आणि सगळ्या गल्लीसमोर, एकेका ओट्यासमोरून, त्याला घरी आणलं. दंड घराच्या दारापर्यंत सोडला नाही. बाजेवर बसवलं, चपला पत्र्याच्या पेटीमागं टाकल्या आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली.

गुलाब त्यानंतर पुन्हा निघाला नाही. सुमनबाईला वाटलं, धडा घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो फोन आला. दुपारची वेळ होती. सुमनबाई गुलाबच्या पायाला तेल लावत होती. एका हातानं फोन कानाला लावला, दुसरा हात चालूच.

"नमस्कार. हृदय पुनर्वसन केंद्रातून बोलतेय, उमरग्याहून. गुलाब यांचंच घर ना?" कुणी तरुण मुलगी होती. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, पण रेंज अशी की निम्मे शब्द वाटेतच गळत होते. 'हृदय' नेमकं गळालं. सुमनबाईपर्यंत पोचलं ते पुनर्वसन, उमरगा आणि गुलाब.

यात तिचं काय चुकलं? पुनर्वसनवाले आयुष्यभर तिच्या दारात येतच होते. पहिल्यांदा अधिकारी आले, मग संस्था आल्या, मग कॉलेजची पोरं, मग दर सप्टेंबरात कॅमेरेवाले. घर कसं आहे, भिंती कशा आहेत, आता कसं वाटतं. उत्तरं तिची तोंडपाठ होती. लवकर उत्तर दिलं की माणसं लवकर जातात, एवढं ती शिकली होती.

"त्यांचं पुनर्वसन अजून सुरू झालेलं दिसत नाही," मुलगी म्हणाली.

"झालंय की. कवाच झालंय."

"झालं? कुठं केलं?"

"हितंच. गावात."

"गावातच? कुणी करून घेतलं?"

"सरकारनं."

"अच्छा, सरकारी का. पूर्ण झालं?"

"पूर्ण झालं. आता काय ऱ्हायलं न्हाय."

"आता काही त्रास?"

सुमनबाईनं जरा विचार केला. "तरास कसला. सवय झाली."

"छान, मावशी. काळजी घ्या त्यांची," असं म्हणून मुलीनं फोन ठेवला. तिच्या कामातलं एक नाव कमी झालं, ती खूश. सुमनबाईची एक पीडा टळली, ती खूश नाही पण मोकळी.

"कुणाचा फोन?" गुलाबनं विचारलं.

"पुनर्वसनवाल्यांचा. सांगितलं, आमचं झालंय."

गुलाब थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. काही बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "बरं केलंस," आणि दुसरा पाय पुढं केला.

उन्हाळा चढला. गुलाब बाजेवर राहून उजळला, म्हणजे रंगानं; उन्हात राबणाऱ्या गवंड्याची कातडी सावलीत पिकल्या केळ्यासारखी फिकी झाली. दंड मऊ पडले. संध्याकाळी पाय सुजायचे, सुमनबाई ते मांडीवर घेऊन चोळायची. मोरीपर्यंत जाऊन आला की दम लागायचा, मग ती म्हणायची, "बघा, म्हणून म्हणते उठू नका." जितका दम लागेल तितकं ती जास्त जपायची, आणि जितकं जपायची तितका दम वाढायचा. हे तिच्या लक्षात येण्यासारखं होतं, पण भीतीनं सुन्न झालेल्या माणसाला दोन आणि दोन चार दिसत नाहीत. भीती संपलीय असं तिला वाटत होतं ते काही खरं नव्हतं. ती तिच्या हातांत जाऊन बसली होती.

गोळ्यांसोबत तपासणीची तारीख दिलेली होती. त्या दिवशी ती त्याला घेऊन उमरग्याला गेली. एसटीत खिडकीची जागा, मांडीवर पाण्याची बाटली, डोक्यावर ओला रुमाल. हायवेवर हैदराबादकडचे ट्रक ओळीनं उभे होते आणि डांबरावरून झळा उठत होत्या. दवाखाना एका संस्थेचा, दोन मजली. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी गुलाबला झोपवून, जेली लावून, पडद्यावर त्याचं हृदय पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"स्प्रिंगा उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण हृदयाचा जोर कमी झालाय. का बरं? रोज किती चालता?"

"अजिबात न्हाय," सुमनबाईनं अभिमानानं सांगितलं. "चमचाबी उचलू देत न्हाय म्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हाताऱ्या डॉक्टरांना गोड बोलायला वेळ नसतो. "मावशी, तुम्ही यांना झोपवून झोपवून मारताय. असंच राहिलं तर पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगत नाही. खाली जा, पुनर्वसनात. आत्ता."

सुमनबाई जिना उतरली. पायाखाली पायऱ्या होत्या एवढं तिला कळत होतं. मारताय हा शब्द तिनं ऐकला होता, पण तो अजून आत पोचला नव्हता. जिथं पोचायचा तिथली वाट फार वर्षं बंद होती.

खालच्या खोलीत एक बाई पट्ट्यावर चालत होती. पट्टा मागं सरकत होता, बाई पुढं जात होती, म्हणजे होती तिथंच. दोन सायकली होत्या, चाकं नसलेल्या. टेबलाशी एक तरुण मुलगी होती, नाव श्रीदेवी. घरी कानडी बोलणारी, सीमेपलीकडची, मराठी शाळेत शिकलेली, म्हणून पुस्तकातल्यासारखी. तिनं कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"पण यांचं तर झालंय. मावशी, मी फोन केला होता, तुम्हीच सांगितलंत. गावातच झालं, सरकारनं करून घेतलं म्हणालात."

"व्हय," सुमनबाई म्हणाली. "भूकंपात. घर दिलं की आमाला."

श्रीदेवीला क्षणभर काही कळेना. ती भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. मग कळलं. तिला हसू फुटलं, ते तिनं लगेच हातानं दाबलं, आणि हात काढला तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"अय्यो. चूक माझी, मावशी. मी नीट विचारायला हवं होतं. इथं पुनर्वसन म्हणजे घराचं नाही. हृदयाचा झटका येऊन गेला की माणूस घाबरतो, घरचे घाबरतात. तर त्याला इथं आणायचं, आमच्या नजरेखाली थोडं थोडं चालवायचं, सायकल मारायला लावायची, दम कुठं लागतो ते बघायचं. हळूहळू त्याला पुन्हा उभं करायचं. माणसाचं पुनर्वसन."

"माणसाचंबी असतंय व्हय?" सुमनबाईनं विचारलं.

तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"आमच्या वक्ताला घराचंच हुतं," सुमनबाई म्हणाली.

श्रीदेवीनं खुर्ची पुढं ओढून तिला बसवलं आणि कामाचं बोलायला लागली. सोमवार आणि गुरुवार. पुरुषांची वेळ सकाळी लवकर. तुमच्या गावाकडची पहिली गाडी तोवर पोचत नाही. दुपारची वेळ बायकांची आहे, तीत जागाच जागा, कारण बायका येत नाहीत. कुणाला आणायला माणूस नाही, कुणाची पेरणी, कुणी म्हणते लुगडं नेसून सायकल कशी मारू. पुरुष तरी कुठं येतात? दहांना बोलावलं तर दोघं येतात, त्यातला एक पुढच्या महिन्यात गळतो. काका, तुम्हाला बायकांत चालेल का? सोबत कुणीतरी लागेल मात्र.

गुलाब पट्ट्यावरच्या बाईकडं बघत होता.

"आणि काका, तुम्हाला तर सोलापूरच्या डॉक्टरांनी हे सगळं समजावलं होतं ना?" श्रीदेवी म्हणाली. "त्यांनीच तुमचं नाव मला पाठवलं. अर्धा तास बोललो, पेशंटला सगळं कळलंय, असं सांगत होते."

"सांगितलं हुतं," गुलाब म्हणाला.

सुमनबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो अजून पट्ट्याकडंच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. वरच्या मजल्यावर डॉक्टर रागावले तेव्हाही नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं.

बसस्टँडवर गावाची गाडी लागायला वेळ होता. पत्र्याखाली गर्दी, पत्रा तापलेला, आणि माणसं एकमेकांच्या अंगावर घाम पुसत असल्यासारखी बसलेली. सुमनबाईनं एका बाकाचं टोक मिळवलं, गुलाबला बसवलं, स्वतः शेजारी टेकली. बाटलीतलं पाणी त्याला दिलं. तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"तुमाला ठावं हुतं."

"व्हय."

"म्या फोनवर बोलले तवाबी."

"व्हय."

"मंग बोललाव कामून न्हाय?"

गुलाबनं बाटलीचं टोपण फिरवून फिरवून घट्ट बसवलं. गवंड्याचा हात, उगाच ढिला काही सोडत नाही.

"बरा झालो असतो तर तू कामाला गेली असतीस," तो म्हणाला.

"मंग? जावंच लागतंय की."

"तेच. उजाडता जातीस, दिवस बुडता येतीस. ताट ठिवतीस आन् पाठ फिरवतीस. पौर्णिमा गेली तवापसनं." पोरीचं नाव त्याच्या तोंडून सहज निघालं; इतक्या वर्षांत ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "म्या आजारी पडलो तर तू जवळ बसलीस. भर रस्त्यात दंड धरलास माझा. पायाला हात लावलास. म्हणलं ऱ्हाऊ दे. जितकं दिस हाय तितकं हाय."

सुमनबाईला राग यायला हवा होता. चार महिने या माणसासाठी ती अळणी जेवली होती, आणि हा माणूस तिच्या हातानं मरायला तयार होऊन पडला होता. राग आला नाही. वाटलं, निदान रडू तरी येईल. तेही आलं नाही. समोर एक गाडी फलाटाला लागली, माणसं रुमाल टाकून जागा धरायला धावली, ती तिकडं बघत राहिली. त्याला खोटं ठरवावं असं तिला फार वाटलं. म्हणावं की, नसते गेले कामाला, बसले असते. पण ती गेली असती. ताट ठेवलं असतं आणि पाठ फिरवली असती. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

"ती पाठ रागानं फिरवत न्हवते म्या," ती म्हणाली.

गुलाबनं मान तिच्याकडं वळवली.

"तिचं त्वांड तुमचं हुतं. हे नाक, ह्या भिवया. लोक म्हणायचे, बापाला साच्यात घालून काढलंय. तुमी जेवाया बसलाव का ती समूर बसल्यावानी दिसायची. घास तोंडात धरायची पदत सुदीक तीच. मला बघवत न्हवतं, म्हणून चुलीकडं बघत हुते."

"मला वाटलं, अंगणात निजलो म्हणून राग धरलीस," गुलाब म्हणाला. "म्या वाचलो म्हणून."

"न्हाय वो."

गुलाबनं खाली मान घातली. मग विचारलं, "आन् आता? आता तर बघतीस की माझ्याकडं. रोज."

सुमनबाईनं हे कुणाला सांगायचं ठरवलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आता न्हाय दिसत ती," ती म्हणाली. "दवाखान्यात पहिल्यांदा नीट बघितलं तुमच्याकडं, तर दिसंना. म्हणलं नळ्या लावल्यात म्हणून. घरी आणलं. तेल लावताना बघितलं, घास भरवताना बघितलं, तुमी निजल्यावर तर लई येळ बघत बसायची. कुठं तरी घावंल म्हणलं. न्हाय घावली. तुमी म्हातारं झालाव. ती पाचच वर्साची हाय."

गुलाबचा हात वर गेला. नाकावरून, भिवयांवरून, गालाच्या सैल कातडीवरून त्यानं सावकाश बोटं फिरवली, भिंतीचा गिलावा निसटलाय का ते चाचपावं तशी. मग हात मांडीवर ठेवून दिला. एवढी वर्षं ती याच्याकडं बघायचं टाळत राहिली आणि बघायला बसली तेव्हा पोर तिथून निघून गेली होती. आता त्या पोरीला ओळखणारी जगात दोनच माणसं उरली होती. त्यातल्या एकाच्या हृदयाचा जोर कमी झाला होता.

हे मात्र आत पोचलं. मारताय म्हणाले होते डॉक्टर, तेही त्याच्या मागोमाग आत पोचलं. सुमनबाईच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात दुखलं की तिला वाटलं आपल्यालाही झटका आला. झटका नव्हता. तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली मान घालून तशीच बसून राहिली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो?" गुलाब म्हणाला, "ऊन लागलंय."

गाडी लागली ती पार पलीकडच्या फलाटाला. मध्ये उन्हाचा मोकळा पट्टा. गुलाब उठला आणि सवयीनं त्यानं दंड तिच्याकडं केला. सुमनबाईचा हात निम्म्यापर्यंत गेला. तिथंच थांबला.

"चाला," ती म्हणाली. "हळू चाला. म्या हाय मागं."

तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग दंड खाली घेतला आणि निघाला. पट्टा निम्मा ओलांडल्यावर त्याला दम लागला. तो थांबला, कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला. तिचे दोन्ही हात पुढं झाले होते, ते तिनं पदरात गुंडाळून धरले. तो पडला तर? पडला तर तिनंच पाडलं असं होईल. नाही चालला तरी तिनंच पाडलं असं होईल.

गुलाब पुन्हा चालायला लागला. मागं न बघता म्हणाला, "सोमवारी बायकांत सायकल माराय लावतील मला."

"मारा की," सुमनबाई म्हणाली. "म्या बसते तिथं."

"आन् घरी?"

गाडीच्या दारापर्यंत पोचली, तो दांडा धरून पहिली पायरी चढेपर्यंत थांबली.

"घरी तिचं नाव घ्यायचं," ती म्हणाली. "तुमी घ्यायचं. मला अजून जमत न्हाय."